खिळे ज्याचे, मजकूर त्याचा

काटोलहून पूर्वेला पंचवीस-तीस किलोमीटरवर मोहपा लागतं. आज ते कळमेश्वर तालुक्यात मोडतं. भोवती संत्र्याचे बगिचे, कपाशीची वावरं, भाजीपाल्याचे मळे. या गावात १८७९ साली एका महार कुटुंबात किसन फागूजी बनसोडे जन्मले. पुढे नागपुरात जाऊन १९१० साली त्यांनी स्वतःचा छापखाना घातला आणि आपल्या माणसांसाठी वृत्तपत्र काढलं. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत निघाला. म्हणजे आमच्या पट्ट्यातला हा माणूस त्याच्या दहा वर्षं आधी खिळे, शाई आणि कागद जमवून बसला होता.

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास सांगायची आपली एक ठरलेली वाट आहे. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’पासून, ६ जानेवारी १८३२ पासून, सुरुवात करायची. मग लोकहितवादी, मग ‘केसरी’, मग ‘सुधारक’. विदर्भाकडे वळलो की अच्युतराव कोल्हटकरांचा ‘देशसेवक’, माधवराव सप्र्यांचा ‘हिंदी केसरी’, गोपाळराव ओगल्यांचा ‘महाराष्ट्र’. ही सगळी मोठी नावं आहेत आणि त्यांचा मान त्यांना मिळालाच पाहिजे. पण किसन फागूजींचं नाव निघतं ते दलित चळवळीच्या पुस्तकात, कवी म्हणून, समाजसुधारक म्हणून. छापखानदार आणि वृत्तपत्राचे मालक म्हणून त्यांच्याकडे पाहणारे थोडे. मला तसं पाहायचं आहे, कारण मी काटोलात खिळ्यांचा छापखाना चालवला आणि त्या धंद्यातून मला त्यांच्या कामाचं वजन कळलं.

खिळ्यांची छपाई आता कुणाला दिसत नाही, म्हणून थोडं सांगतो. शिशाच्या मिश्रणातून ओतलेला एकेक खिळा, त्याच्या डोक्यावर उलटं अक्षर. इंग्रजी जुळवणाऱ्याचं काम खिळ्यांच्या पेटीतल्या, म्हणजे केसीतल्या, थोड्या घरांत भागतं. मराठीला काना, मात्रा, वेलांटी, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं धरून कितीतरी पट घरं लागतात, आणि कंपोझिटरचा हात न बघता नेमक्या घरात गेला पाहिजे. डाव्या हातात स्टिक, उजव्या हाताने खिळा उचलून लावायचा, ओळ भरली की कसायची, स्टिक भरली की गॅलीत उतरवायची. पान झालं की सुतळीने बांधायचं, ठसा काढून वाचायचं, चुकलेली अक्षरं चिमट्याने काढून नवी बसवायची. मग फर्मा कसून मशीनवर चढवायचा. छपाई संपली की काम अर्धंच झालेलं असतं. तेच खिळे धुऊन पुन्हा ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे, नाहीतर उद्याच्या मजकुराला ‘क’ पुरत नाही. लहान छापखान्यात खिळे नेहमीच कमी असतात. चार पानांचं साप्ताहिक काढायचं तर दोन पानं जुळवून छापायची, खिळे सोडवायचे आणि त्याच खिळ्यांनी पुढची दोन पानं जुळवायची. हे दर आठवड्याला.

या कामात एक गोष्ट अशी आहे की ती बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. छापखानेवाला मजकूर सगळ्यांच्या आधी वाचतो, आणि तो नको असेल तर थांबवू शकतो. तोंडावर नाही कुणी म्हणत नाही. ‘सध्या खिळे अडकलेत, पुढच्या हप्त्यात या.’ ‘कागद आलेला नाही.’ ‘सगळे पैसे आधी ठेवा.’ ‘ही एवढी ओळ काढा, बाकी छापून देतो.’ मी तरुण होतो तेव्हा दुसऱ्या एका छापखान्यात बसलो असताना वस्तीतली तीन-चार पोरं पत्रक घेऊन आली. विहिरीच्या पाण्यावरून गावात चाललेल्या त्रासाबद्दलचं पत्रक होतं, भाषा साधी होती, शिव्या नव्हत्या. मालकाने ते उभ्या-उभ्या वाचलं आणि खिळे नाहीत म्हणून परत दिलं. त्याच्या केसी भरलेल्या होत्या, त्या मला समोर दिसत होत्या. पोरांनी वाद घातला नाही. कागद घडी करून खिशात टाकला आणि ती उतरून गेली. किसन फागूजींनी छापखाना का घातला हे मला पुस्तकातून कळायच्या आधी त्या दुपारी कळलं होतं.

ते मोठे झाले तो काळ आमच्या भागाला फार वाईट होता. नागपूरकडचा महार समाज गावकीच्या कामाबरोबर जाडंभरडं कापड विणायचा. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, गिरणीचं कापड बाजारात आलं आणि घरातले माग थंड पडत गेले. त्यावर १८९६-९७ चा दुष्काळ आला. तो सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा. खेड्यातून नागपूरकडे माणसांची रीघ लागली. ज्या गिरणीने माग बंद पाडले त्याच गिरणीच्या दारात माणसं कामासाठी उभी राहिली. तेव्हा काटोलला रेल्वे नव्हती. इटारसीची लाइन आली ती १९२० च्या दशकात. त्याआधी आमच्या भागातली माणसं बंडीने नाहीतर पायी नागपूर गाठत.

शहरात मात्र एक फरक पडला. पन्नास गावांच्या गावकुसांबाहेर विखुरलेली माणसं गिरणीभोवतीच्या वस्त्यांत एका जागी आली. महिन्याला रोख पगार हातात येऊ लागला, तो कितीही तुटपुंजा असो. एखादं पोरगं शाळेत जाऊ लागलं. वृत्तपत्राला एवढं लागतं: जवळजवळ राहणारे लोक, त्यांच्या गाठीला एखादा पैसा, आणि दहा घरांत एक वाचणारा. वाचणारा एक असला तरी चालतं, कारण तो मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकतात. त्या काळी एका अंकाचे वाचक मोजून कळत नसत, ऐकणारे मोजावे लागत.

१९०३ साली किसन फागूजींनी नागपुरात ‘सन्मार्ग बोधक निराश्रित समाज’ ही संस्था उभी केली. १९०७ साली मुलींसाठी शाळा काढली. एम्प्रेस मिलमध्ये काम करणाऱ्या बायांना संघटित करायचं कामही त्यांनी केलं. वय पाहिलं तर पंचविशी-तिशीतला हा माणूस. पुण्या-मुंबईच्या पत्रांतून लिहीत होता, कविता करत होता, आणि अस्पृश्य मानलेले लोक हेच या देशाचे मूळ रहिवासी आहेत, ही मांडणी १९०९ च्या सुमारास उघडपणे करत होता. मराठीत ही मांडणी जोतीराव फुल्यांनी रुजवली होती. मध्य प्रांतात, नागपूरच्या वस्तीत ती पोचवणाऱ्यांत किसन फागूजी पुढे होते.

त्यांच्या आधी कोण होतं तेही सांगितलं पाहिजे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ काढलं, पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईत चालवलं. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर हे सैन्यातून निवृत्त झालेले. ते ‘दीनबंधु’मधून लिहीत, आणि १८८८ साली त्यांनी अस्पृश्यतेवर शंकराचार्यादी धर्ममार्तंडांना प्रश्न विचारणारी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ सुरू केलं. हे सगळे पश्चिमेकडचे, मुंबई इलाख्यातले. आमचा नागपूरचा भाग मध्य प्रांतात, सरकारी कारभार वेगळा, अर्धा प्रांत हिंदी बोलणारा. पुण्याचा अंक इथे पोचेपर्यंत शिळा व्हायचा आणि त्यात नागपूरच्या गिरणीची, काटोलच्या बाजाराची, रामटेकच्या जत्रेची बातमी कशाला असेल? इथल्या माणसाला इथलं पत्र हवं होतं.

म्हणून १९१० साली छापखाना. हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारने नवा प्रेस ॲक्ट आणला. १८६७ च्या जुन्या कायद्याने छापखाना काढणाऱ्याला मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन डिक्लेरेशन द्यावं लागत होतंच, आणि छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर, पत्रावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण घालणं सक्तीचं होतं. १९१० च्या कायद्याने त्यावर जामिनाची भर घातली. नवा छापखाना काढणाऱ्याकडून पाचशे ते दोन हजार रुपये अनामत घेता येत होती. मॅजिस्ट्रेटला वाटलं तर कारण नोंदवून तो ती माफ करू शकत होता. छापलेला मजकूर सरकारला आक्षेपार्ह वाटला तर अनामत जप्त, आणि पुन्हा सुरू करायचं तर एक हजार ते दहा हजार. पाचशे रुपये म्हणजे त्या वेळच्या गिरणीतल्या साध्या मजुराची काही वर्षांची मजुरी. कोल्हटकरांवर आणि सप्र्यांवर नागपुरात राजद्रोहाची कारवाई होऊन फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे इथल्या छापखान्यांवर सरकारची नजर होती. अशा वर्षी एका महार माणसाने आपल्या नावाचा छापखाना उभा करायचा, याला मी धाडस म्हणतो, आणि जपून म्हणतो. पत्र काढायला लेखणी लागते. छापखाना काढायला घरदार पणाला लावावं लागतं.

मग त्यांनी दुसऱ्याच्या छापखान्यात पत्र का नाही छापून घेतलं? बरीच पत्रं तशीच निघत, आजही निघतात. त्यात भांडवल अडकत नाही, खिळे झिजत नाहीत, कंपोझिटरचा पगार द्यावा लागत नाही. याचं उत्तर त्या पोरांच्या पत्रकात आहे. आपल्यावरचा अन्याय छापायचा आणि तो छापायला अन्याय करणाऱ्यांच्याच ओळखीपाळखीत जायचं, असं किती दिवस चालणार? खिळे स्वतःचे असले की कुणी ‘ही ओळ काढा’ म्हणत नाही. उशीर झाला तर आपल्यामुळे, चूक झाली तर आपली. आणि आणखी एक. कंपोझिंग, घड्या घालणं, रूळ फिरवणं हे हातचे हुन्नर आहेत. स्वतःच्या छापखान्यात ते आपल्या पोरांना शिकवता येतात. पत्नी तुळसाबाई या कामात त्यांच्या बरोबरीने उभ्या होत्या. ज्या समाजाला अक्षर डोळ्याने बघायची बंदी होती, त्यातलं एक जोडपं अक्षरं बोटांनी उचलून ओळीत लावत होतं, हे डोळ्यांसमोर आणून बघा.

पाण्याचा विटाळ असतो, भाकरीचा असतो, सावलीचाही मानला गेला. कागदाचा मात्र कुणी नीट लावू शकलं नाही. टपालाने आलेला अंक घरात जातोच. त्यावरची शाई कुणाच्या हातची, हे विचारून कुणी अंक वाचत नाही. मला वाटतं, किसन फागूजींना छपाईची ही ताकद नेमकी उमगली होती. म्हणूनच १९१३ सालच्या पत्राला त्यांनी ‘विटाळ विध्वंसक’ हे नाव दिलं. वलंगकरांच्या पुस्तिकेची आठवण त्यात सरळ दिसते.

पत्रं एकामागून एक निघाली. १९१० साली ‘निराश्रित हिंद नागरिक’, १९१३ साली ‘विटाळ विध्वंसक’, १९१८ ते १९२२ ‘मजूर पत्रिका’, आणि १९३० च्या दशकात ‘चोखामेळा’. अभ्यासक म्हणतात, पत्रं अल्पायुषी ठरली. धंद्यातल्या माणसाला यात नवल वाटत नाही. वर्गणीदार गिरणीतले मजूर. नावं वहीत लिहिलेली, पैसे पुढच्या पगाराला. पुढच्या पगाराच्या वेळी गिरणी बंद, नाहीतर घरात दुखणं. व्यापारी जाहिरात देणार कशाला? ज्यांच्या खिशात पैसा नाही त्यांच्या पत्रात कापडाच्या आणि औषधांच्या जाहिराती कोण टाकतो? छापखाना जगतो तो जॉबवर्कावर: लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जमाखर्चाच्या वह्या, दुकानांच्या पट्ट्या. ती कामं ज्या घरांतून आणि दुकानांतून येतात त्यांतली बहुतेक दारं बनसोड्यांना बंद असणार, हे सांगायला पुरावा लागत नाही. माझ्या हातात शहरातली, बाजारातली सगळी गिऱ्हाइकं असूनही दिवाळीनंतरचे महिने मला जड जायचे. त्यांनी एक पत्र बंद पडल्यावर दुसरं काढलं, दुसरं पडल्यावर तिसरं. बारा वर्षांत तीन पत्रं, आणि मग पुन्हा एक. पत्र बंद पडणं हा त्यांचा पराभव मी मानत नाही. पत्रं पडली तरी छापायची जिद्द उभी होती.

या चारांत मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती ‘मजूर पत्रिका’. १९१८ साल डोळ्यांसमोर आणा. पहिलं महायुद्ध संपत आलेलं, धान्य आणि कापड यांचे भाव चढलेले, आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ, घराघरांतून माणसं गेली. गिरणीत मजुरीवरून असंतोष. अशा वेळी किसन फागूजी जातीच्या प्रश्नावरून मजुरीच्या प्रश्नाकडे आले, की त्यांना हे दोन प्रश्न एकच दिसले? मला दुसरं खरं वाटतं. गिरणीत कुठल्या खात्यात कुणाला घ्यायचं हे जातीवर ठरे. अस्पृश्य कामगाराला विणकामाच्या खात्यात घेत नसत, कारण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढून जोडावा लागे आणि थुंकीचा विटाळ आड येई. मजुरीचे चांगले पैसे त्याच खात्यात. म्हणजे पगाराचा प्रश्न आणि विटाळाचा प्रश्न एकाच सुताला लागलेला होता. ज्यांचे आजे-पणजे घरच्या मागावर कापड विणत होते त्यांना गिरणीच्या मागाला हात लावायला मनाई! हे समजायला गिरणीच्या वस्तीतच राहावं लागतं. पुण्यातून ते दिसलं नसतं.

त्याच काळात, ३० मे ते १ जून १९२० या दिवसांत, नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष राजर्षी शाहू महाराज. ‘मूकनायक’ला पैशाची मदत करणारेही तेच. तरुण आंबेडकर या परिषदेत आले आणि अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्यांनीच निवडले पाहिजेत, दुसऱ्या कुणी संस्थेने नेमू नयेत, यासाठी भांडले. रोख विठ्ठल रामजी शिंद्यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनकडे होता. मध्य प्रांतातले त्या वेळचे पुढारी म्हणजे गणेश आकाजी गवई आणि किसन फागूजी, आणि दोघांचीही शिंद्यांच्या कामाशी जवळीक. त्यामुळे नागपूरच्या मंडळींसाठी ती परिषद सोपी नव्हती. पण एक विचार करा: आपला प्रतिनिधी आपण निवडू, हे बाबासाहेबांचं म्हणणं आणि आपलं पत्र आपण छापू, हे बनसोड्यांनी दहा वर्षांपूर्वी केलेलं काम, या एकाच प्रकारच्या गोष्टी आहेत.

‘मूकनायक’ निघाला तेव्हा ‘केसरी’ने त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापली नव्हती. हा प्रसंग सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. यावरून अशा मजकुराचं छापखान्याच्या दारात काय होत असेल याची कल्पना येते.

पुढे बाबासाहेब आणि किसन फागूजी यांच्या वाटा फुटल्या. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. किसन फागूजींना ते पटलं नाही. त्यांचा जीव संतांत होता, विशेषतः चोखोबांत. मंगळवेढ्याच्या वेशीची भिंत कोसळून चोखोबा गेले, पंढरपूरला देवळाबाहेर त्यांची समाधी आहे, पण आमच्या विदर्भात ते बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहुणाराजाचे मानले जातात, म्हणजे घरचे. नागपूरकडे शाळांना, वसतिगृहांना चोखामेळ्याचं नाव देण्याची रीत पडली होती. उमरेडच्या जाईबाई चौधरी दुष्काळात नागपूरला आल्या, ओझी वाहिली, वाचायला शिकल्या आणि १९२० च्या दशकात त्यांनी मुलींची शाळा काढली ती चोखामेळ्याच्याच नावाने. किसन फागूजींच्या शेवटच्या पत्राचं नावही ‘चोखामेळा’, आणि १९४१ साली त्यांनी चोखोबांचं चरित्र लिहिलं. तोपर्यंत तरुणांना मात्र देवळाच्या पायरीशी थांबणारा संत नको झाला होता. त्यांना आत जायचं नव्हतं आणि पायरीवरही बसायचं नव्हतं.

इथे मी बाबासाहेबांच्या बाजूचा आहे, हे स्पष्ट सांगतो. किसन फागूजींनी धर्मांतराला केलेला विरोध इतिहासाने मागे टाकला. १९४६ साली ते गेले. दहा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांच्याच नागपुरात लाखो माणसांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्या लोटापुढे चोखोबाच्या नावाने पत्र काढणारा म्हातारा मागे पडला, हे समजण्यासारखं आहे. पण त्या लोटात जी माणसं होती त्यांच्या बापांना वाचायची गोडी कुणी लावली? गिरणीच्या सुट्टीत कुणाच्या पत्रातली बातमी मोठ्याने वाचली गेली? मुलीला शाळेत घालायचं, सभेला जायचं, अर्जावर सही करायची, हे १९०३ पासून कोण सांगत होतं? शेवटच्या दहा वर्षांच्या मतभेदासाठी आधीची तीस वर्षं पुसून टाकायची, हे मला मान्य नाही. आमच्या तालुक्यातल्या शाळेत पत्रकार दिन साजरा होतो, ६ जानेवारीला जांभेकरांच्या फोटोला हार घालतात. त्या दिवशी मोहप्याच्या या माणसाचं नाव मुलांना सांगायला काय हरकत आहे? जांभेकर कोकणातले, पोंभुर्ल्याचे. हे तर इथलेच.

नागपुरात काटोल नाका आहे, काटोल रोड आहे. त्या रस्त्याने गेल्या सव्वाशे वर्षांत आमच्याकडून किती कापूस आणि किती संत्री गेली त्याचा हिशोब बाजार समित्या ठेवतात. त्याच बाजूच्या गावांतून जी माणसं गिरणीत गेली, त्यांच्या घरी परत येताना काय आलं याचा हिशोब कुणी ठेवला नाही. माझी खात्री आहे की पगारातून वाचवलेल्या पैशांबरोबर काही जुने अंक, एखादी पुस्तिका, सभेचं पत्रकही गावी आलं असेल.

असे कागद टिकणं आमच्याकडे कठीण. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातलं मोवाड बुडालं, दोनशेहून अधिक माणसं गेली, आणि जगलेल्यांच्या घरातल्या पेट्या, वह्या, सातबारे, फोटो सगळं चिखलात गेलं. उरलेलं वाळवी खाते, नाहीतर घर बांधायला काढलं की रद्दीत जातं. छापखान्यांचं तर विचारूच नका. ऑफसेट आल्यावर खिळे किलोच्या भावाने विकले गेले. माझेही गेले.

म्हणून मोहपा, कळमेश्वर, काटोल, नरखेड, सावनेर इकडच्या घरांना माझी विनंती आहे. आजोबा-पणजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते, किंवा भजनी मंडळात, किंवा चोखामेळ्याच्या नावाच्या शाळेत शिकले, अशी कुणाची आठवण असेल तर माळ्यावरची पेटी एकदा उघडून बघा. जुना अंक, पुस्तिका, पत्रक, वर्गणीची पावती, काहीही निघेल. पहिल्या पानावरचं नाव फाटलेलं असलं तरी टाकू नका. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते, १८६७ च्या कायद्याने घालावी लागणारी: कुणी छापलं, कुठे छापलं. ती वाचा. तिथे बनसोडे हे नाव आणि नागपूर हे ठिकाण दिसलं तर कागद उन्हात वाळवू नका, चिकटपट्टी लावू नका, दोन कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवा, मोबाइलवर दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि नागपूर विद्यापीठाच्या ग्रंथालयाला किंवा विदर्भ साहित्य संघाला कळवा. मूळ कागद द्यायचा की घरी ठेवायचा हे तुम्ही ठरवा. रद्दीवाल्याला मात्र देऊ नका.